नव्या स्विचचा पायगुण

रविवारी सकाळी साडेनऊला साताऱ्याहून मामांचा फोन. "लेका, तू सांगितलेला तो डबा लावला आणि होतं तेही गेलं बघ. वर नाही, खाली नाही, मोबाइललासुद्धा नाही. सकाळपासनं सगळे माझ्याकडंच बघतायत."

डबा म्हणजे पाच पोर्टांचा नेटवर्क स्विच. मामांनी मागच्या वर्षी घरावर दोन खोल्या चढवल्या. राऊटर खाली हॉलमध्ये, मधे स्लॅब, त्यामुळे वर वायफायची एक कांडी आली तर आली. बांधकाम चालू असतानाच एक लॅन केबल पाइपातून वर नेऊन ठेवली होती, तिच्यावर वरचा टीव्ही चालायचा. आता मामेभाऊ घरून काम करू लागला. त्याचा डेस्कटॉप आला, ऑफिसचा लॅपटॉप आला. केबल एक आणि जोडायच्या वस्तू तीन. अशा वेळी मधे स्विच बसवतात. पाच मिनिटांचं काम, आणि त्यात अख्खं घर बंद.

नवी सून घरात आली की दूध नासलं तरी तिचाच पायगुण, ही आपली जुनी खोड. नव्या स्विचच्या वाट्याला तेच येतं. काल चालत होतं, आज हा आला, आज बंद आहे, मग दुसरं कोण असणार? पण घरगुती स्विचमध्ये बिघडण्यासारखं फार काही नसतंच. पंखा नाही, सेटिंग नाही, पासवर्ड नाही. तो क्वचित खराब निघतो, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा तो घरात आधीपासून दडलेली खोट उजेडात आणतो आणि शिव्या स्वतः खातो. मामांकडे एक घोळ त्याच दिवशी घातलेला होता आणि एक भिंतीत मुरलेला. पहिला फोनवर दहा मिनिटांत सुटला. दुसऱ्याला पुढचा रविवार उजाडला.

हा डबा करतो काय

इलेक्ट्रिकच्या दुकानात 'स्विच द्या' म्हटलं तर दिव्याचं बटण पुढं येतं. कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो, पण तिथेही कित्येक जण त्याला अजून 'हब' म्हणतात. हब ही वेगळी आणि आता जवळपास नामशेष झालेली वस्तू. हब म्हणजे दवंडी: एका पोर्टातून आलेला निरोप तो उरलेल्या सगळ्या पोर्टांवर जसाच्या तसा ओरडायचा. ज्याच्यासाठी असेल त्याने घ्यावा, बाकीच्यांनी सोडून द्यावा. दोघं एकदम बोलले की दोघांचेही शब्द वाया, पुन्हा बोला.

स्विच ओळख ठेवतो. नेटवर्कला जोडता येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक मॅक पत्ता असतो, ४८ बिटांचा, कारखान्यातूनच आलेला. डेस्कटॉपने काहीही पाठवलं की त्या पुडक्यावर 'कुणाकडून' आणि 'कुणाला' असे दोन मॅक पत्ते असतात. स्विच 'कुणाकडून' वाचतो आणि मनात नोंद करतो, की हा गडी तीन नंबरच्या पोर्टावर आहे. पुढच्या वेळी त्या गड्यासाठी काही आलं की थेट तीन नंबरला. जो पत्ता अजून माहीतच नाही, त्याच्यासाठी आलेलं पुडकं तो जिकडून आलं ते दार सोडून बाकी सगळ्या दारांवर देतो. ज्याचा आवाज बराच वेळ, साधारण पाच मिनिटं, ऐकू आला नाही त्याची नोंद पुसून टाकतो.

सोसायटीत नवा वॉचमन आला की पहिल्या दिवशी पार्सल हातात घेऊन मजल्यामजल्यावर हाका मारतो, आणि दोन दिवसांत कोण कुठं राहतं हे पाठ करतो. स्विचला तेवढं करायला सेकंदाचा अंश पुरतो. मात्र वॉचमन फ्लॅटला नंबर देत नाही, आणि पार्सल कुठल्या गावाहून आलं याच्याशीही त्याला घेणंदेणं नसतं. स्विचचंही तसंच आहे. नेट आणणं हे त्याचं काम नाही, आणि वस्तूंना आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे आकडी पत्ते, वाटणं हेही नाही. ती दोन्ही कामं राऊटरची. हे एक लक्षात ठेवलं तर पुढचा बराच गोंधळ जागच्या जागी विरतो.

जाता जाता एक गंमत. अनेक पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच १९९० च्या सुमारास बाजारात आणणाऱ्या अमेरिकन कंपनीचं नाव होतं 'कल्पना'. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज आणि त्यांचे भागीदार लॅरी ब्लेअर यांची ती कंपनी, आणि नाव भारद्वाजांच्या पत्नीचं. त्या यंत्राला सात पोर्ट होते. १९९४ मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली. मामींना हे सांगितल्यावर त्या डब्याकडे जरा बऱ्या नजरेने बघू लागल्या.

कुणाच्या मागे कोण

स्विचची जागा राऊटरच्या मागे. फायबर घरात येते ती ओएनटी नावाच्या पेटीत, ओएनटीच्या मागे राऊटर, राऊटरच्या मागे स्विच, आणि स्विचच्या मागे बाकीचं गोकुळ. हल्ली पुष्कळ घरांत ओएनटी आणि राऊटर एकाच पेटीत असतात, तिथे चुकायला वाव कमी. घोळ होतो तो गच्चीवरून थेट लॅन केबल टाकून जाणाऱ्या स्थानिक नेटवाल्याच्या घरांत. तिच्या टोकालाही तोच आरजे पंचेचाळीस कनेक्टर, आपल्या तारांसारखीच दिसणारी. 'सगळ्या तारा एकत्र करायच्या' या हिशेबाने माणूस ती तार राऊटरमधून काढून स्विचमध्ये खोचतो आणि राऊटरलाही स्विचवरच आणतो.

नेटवाल्याकडे आपलं लॉगिन राऊटर करतो, आणि तिकडून बहुधा एका घराला एकच पत्ता मिळतो. स्विच राऊटरच्या आधी, नेटवाल्याच्या बाजूला बसवला की घरातली प्रत्येक वस्तू त्या एका पत्त्यासाठी नेटवाल्याच्या दारात जाऊन उभी राहते. एखादीला तो मिळतो, बाकीच्या तिष्ठत राहतात. किंवा कुणालाच मिळत नाही, कारण लॉगिन त्यांना ठाऊक नाही. घरात एकाच वस्तूला नेट आहे आणि ती कोणती हे रोज बदलतं आहे, असं दिसलं तर स्विचला हात लावण्याआधी तारांचा क्रम बघा.

राऊटरच्या मागे एक भोक वेगळ्या रंगाचं किंवा जरा बाजूला असतं, ते वॅन. तिथे बाहेरची तार. उरलेली दोन-चार भोकं लॅनची. ही लॅनची भोकं म्हणजे राऊटरच्या पोटात बसवलेला एक छोटा स्विचच असतो. तुमचा नवा डबा त्याच वंशाचा, फक्त वेगळा निघालेला. तो यांपैकी कुठल्याही एका भोकाला जोडायचा. डब्याच्या बाजूला कुठला पोर्ट वापरायचा याला अर्थ नाही, पाचही सारखेच. 'अपलिंक'चं वेगळं भोक आणि उलट्या जोडणीची क्रॉस केबल हा जुन्या जमान्यातला सोवळेपणा होता. आताचे पोर्ट समोर कोण आहे ते पाहून आपले आपण जुळवून घेतात.

माळ्यावर पडलेला जुना राऊटर स्विच म्हणून वापरायचा मोहही अनेकांना होतो. वापरता येतो, पण दोन गोष्टी केल्याशिवाय नाही: त्यातली पत्ते वाटायची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करायची आणि तार लॅनच्या भोकात लावायची. नाहीतर घरात दोन कारभारी होतात. एक १९२.१६८.१ चे पत्ते वाटतो, दुसरा १९२.१६८.० चे. ज्याच्या हाती जो लागला तो त्याचा पत्ता घेऊन बसतो, मग मोबाइलला प्रिंटर दिसत नाही आणि लॅपटॉपला टीव्ही. दोघांचा स्वतःचा पत्ता एकच निघाला तर भांडण आणखी विचित्र होतं. हजारभर रुपयांची बचत आणि महिनाभराची डोकेदुखी, असा हा व्यवहार. माझं मत, स्विच विकत घ्यावा.

आधी दिवे

"मामा, डब्यावरचे दिवे सांगा."

"लागलेत की सगळे."

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, कारण स्विचला बोलायची तेवढीच भाषा येते. एक दिवा विजेचा, बाकीचे एकेका पोर्टाचे. पोर्टाचा दिवा अजिबात लागत नसेल तर तार, तारेचं टोक किंवा पलीकडची वस्तू यांपैकी काहीतरी मेलेलं आहे. नेट, पासवर्ड, प्लॅन संपला का, हा विचारच तिथे गैरलागू. दिवा स्थिर असेल तर जोडणी झाली आहे. मिचकत असेल तर बोलणं चालू आहे. हिरवा आणि पिवळा यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, पण बऱ्याच डब्यांवर एक रंग १००० एमबीपीएस वेगाचा आणि दुसरा त्याहून कमीचा. सोबतच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. तो कागद आपण खोक्याबरोबर रद्दीत टाकलेला असतो.

विजेचाच दिवा नसेल तर अॅडॉप्टर बघा. स्विचचे अॅडॉप्टर पाच किंवा नऊ व्होल्टचे पुष्कळदा असतात, राऊटरचे बहुधा बारा व्होल्टचे, आणि पिन मात्र एकमेकांच्या भोकात सहज जातात. टीव्हीमागच्या अंधारात अदलाबदल व्हायला कितीसा वेळ? पाचचा अॅडॉप्टर राऊटरला लागला तर राऊटर उठतच नाही किंवा अर्धवट उठून पुन्हा पडतो. उलटं झालं, बाराचा पाचवाल्याला लागला, तर डबा कायमचा जाऊ शकतो. नवा आणला की अॅडॉप्टरवर पेनने नाव लिहावं. मी पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहितो.

तपासताना दोन पथ्यं. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. नाहीतर तार काढली तरी नेट चालूच राहतं आणि आपण तारेची परीक्षा घेतोय असं समजून वायफायची घेत बसतो. दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल बदलली, पोर्ट बदलला, राऊटर बंद-चालू केला आणि मग नेट आलं, तर कशामुळे आलं हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही, आणि परत गेलं की पहिल्यापासून सुरुवात.

एका तालात

"लागलेत म्हणजे कसे? मिचकतायत?"

"मिचकतायत म्हणजे काय, नाचतायत. सगळे एकदम. गणपतीत माळा लावतो ना, तसे."

इथे निदान झालं. नेहमीच्या वापरात प्रत्येक दिवा आपल्या लहरीने मिचकतो, कारण प्रत्येकाचं बोलणं वेगळं. दोन-तीन दिवे एका तालात, न थांबता, वेड्यासारखे लवलवत असतील आणि घरातलं सगळं नेट ठप्प असेल, तर तारांचं वर्तुळ झालं आहे.

"एखादी तार दोन्ही बाजूंनी त्याच डब्यात गेलीय का बघा."

जरा वेळ शांतता. मग मामा म्हणाले, "लॅपटॉपसाठी आखूड तार लावून ठेवली होती पोरानं. तिचं मोकळं टोक लोंबत होतं, पायात येईल म्हणून मीच खोचलं. एक भोक रिकामं होतं की."

"काढा ते."

काढलं. दहा-वीस सेकंदांत मोबाइल टुणटुण वाजू लागले.

एका फुटाच्या तारेने खालच्या हॉलमधलं वायफायसुद्धा कसं बंद पाडलं? घरातली कुठलीही वस्तू कामाला लागताना आधी सगळ्यांना उद्देशून हाक मारते: १९२.१६८.१.१ हा पत्ता कुणाचा, बाबांनो? ही सार्वजनिक हाक असल्यामुळे स्विच ती सगळ्या पोर्टांवर पाठवतो. चार नंबरमधून बाहेर पडलेली हाक तार फिरून पाच नंबरातून परत आत येते. स्विचच्या दृष्टीने ही नवीच हाक. तो ती पुन्हा सगळीकडे पाठवतो. तेवढ्यात पाच नंबरातून निघालेली दुसरी प्रत चारमधून आत येते. प्रत्येक फेरीत आणखी प्रती घरभर फेकल्या जातात, आणि फिरणारी मूळ हाक काही थांबत नाही.

इंटरनेटच्या आयपी पाकिटावर आयुष्याचा एक आकडा लिहिलेला असतो. दर राऊटरगणिक तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून देतात. वाट चुकलेलं पाकीट त्यामुळे कधीतरी मरतं. इथरनेटच्या पुडक्यावर असा आकडाच नाही. ते वर्तुळात सापडलं की तार काढेपर्यंत फिरत राहतं, सेकंदाला हजारो वेळा. त्या माऱ्यात राऊटरच्या लॅनचीही वाट बंद होते आणि त्याच राऊटरचं वायफाय गुदमरतं. नेटवाल्याला फोन केला तर तो बिचारा म्हणतो, आमच्याकडून सगळं ठीक आहे. आणि खरंच ठीक असतं.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना काढला. स्विच आपापसांत निरोप पाठवून वर्तुळ ओळखतात आणि त्यातली एक वाट आपणहून मिटून घेतात. स्पॅनिंग ट्री म्हणतात त्याला, आणि ऑफिसांतल्या महागड्या स्विचमध्ये ते असतंच. घरगुती डब्यात बहुधा नसतं. काही नव्या मॉडेलांवर 'लूप' ओळखण्याची छोटी सोय असते, तेवढीच. वर्तुळ एकाच डब्यात व्हायला हवं असंही नाही. राऊटरपासून स्विचकडे दोन तारा टाकल्या, 'दुप्पट वेग मिळेल' म्हणून, तरी हेच होतं. वेग दुप्पट न होता शून्य होतो.

१६९ ने सुरू होणारा पत्ता

दिवे नीट आहेत, वर्तुळ नाही, तरी एखाद्या कॉम्प्युटरला नेट नाही. आता पत्ता बघायचा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाइप केलं की तो दिसतो. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर राऊटरची आणि त्याची गाठ पडली आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याने राऊटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, आणि शेवटी त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला. निराधाराचा दाखला म्हणा. त्या पत्त्यावर इंटरनेट मिळत नाही.

बुधवारी मामेभावाचं नेमकं हेच झालं. वीज गेली, आली, आणि डेस्कटॉपला नेट नाही. पुन्हा दोष स्विचला, "आधी असं कधी होत नव्हतं." ते खरंही असेल, आणि कारण मोठं मजेशीर आहे. कॉम्प्युटर थेट राऊटरला जोडलेला असताना राऊटर सावकाश उठतो, त्याचा पोर्ट उशिरा जागा होतो, आणि तार नव्याने जोडली गेल्यासारखं कॉम्प्युटरला वाटतं. लगेच तो पत्ता मागतो. मधे स्विच आला की चित्र पालटतं. स्विच क्षणात उठतो. कॉम्प्युटर म्हणतो, तार जोडलेली आहे, चला पत्ता मागू. पण पत्ता देणारा राऊटर अजून खाली डोळे चोळतोय, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. कॉम्प्युटर कंटाळून १६९ चा पत्ता लावून बसतो. मग राऊटर उठतो, पण कॉम्प्युटर आणि स्विच यांच्यातली तार तुटलेलीच नाही, त्यामुळे काही बदललंय हे त्याला कळायला मार्ग नाही. विंडोज दर पाच मिनिटांनी परत विचारून बघतं खरं. मीटिंग सुरू व्हायला तीन मिनिटं असताना पाच मिनिटं फार वाटतात. तार काढून लावली की काम होतं. राऊटरला छोटा यूपीएस लावला तर प्रश्नच मिटतो, आणि आपल्याकडच्या विजेचा विचार करता तो असावाच.

पत्ता बरोबर असेल तर 'पिंग १९२.१६८.१.१' करून राऊटर हाकेला ओ देतो का बघा. तुमच्या राऊटरचा पत्ता वेगळा असू शकतो. आयपीकॉन्फिगमध्ये 'डीफॉल्ट गेटवे'समोर असतो तोच घ्यायचा. मग 'पिंग ८.८.८.८', हा बाहेर इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता. राऊटर ओ देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तर घरातली तार, स्विच, सगळं सुटलं. दुखणं राऊटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. ८.८.८.८ देतो पण कुठलीच वेबसाइट उघडत नाही, तर नावांवरून पत्ते शोधणारी यंत्रणा, डीएनएस, बिघडली आहे. तिच्याशीही स्विचचा संबंध नाही.

कॅमेऱ्यांचा भाऊबंद

स्विच सीसीटीव्हीवाल्याकडून आला असेल तर त्याच्या पाठीवर एक चिमुकली सरकपट्टी शोधा. कॅमेऱ्याला त्याच लॅन तारेतून वीज देणारे हे पीओई स्विच. त्यांतल्या अनेकांवर 'व्हीलॅन' आणि 'एक्स्टेंड' असे खटके असतात. व्हीलॅनकडे सरकवलं की कॅमेऱ्यांचे पोर्ट एकमेकांशी बोलणं बंद करतात, फक्त वर जाणाऱ्या पोर्टाशी बोलतात. कॅमेऱ्यांसाठी हे चांगलंच. पण त्याच डब्यात तुम्ही कॉम्प्युटर आणि प्रिंटर लावले तर दोघांनाही नेट मिळेल आणि एकमेकांचा पत्ताही लागणार नाही. एक्स्टेंड हा लांब तारेसाठी: शंभर मीटरची नेहमीची मर्यादा ओलांडता येते, बदल्यात त्या पोर्टांचा वेग १० एमबीपीएसवर येतो. चुकून तो खटका पडला तर माणूस आठवडाभर नेटवाल्याशी भांडतो. असं भांडलेले मी पाहिले आहेत.

चौऱ्याण्णव

आता भिंतीतला घोळ. वर्तुळ काढल्यापासून सगळं चालू होतं, पण मामेभावाची तक्रार होती, "प्लॅन २०० चा आहे, खाली वायफायवर १९० दाखवतं, वर तारेवर ९४ च्या पुढे जात नाही. आणि डबा चालू केला की भिंतीच्या तारेचा दिवा तीन-चारदा लागून विझतो, मग पिवळा होऊन बसतो."

९४ हा आकडा नीट लक्षात ठेवा. वेगचाचणीत ३७ किंवा ६१ आलं तर कारणं शंभर असू शकतात. सतत ९४-९५ येत असेल तर कारण जवळपास एकच: वाटेत कुठेतरी जोडणी १०० एमबीपीएसची झाली आहे. शंभरातले पाच-सहा पुड्या बांधण्यात जातात, हाती चौऱ्याण्णव उरतात. गिगाबिटच्या, म्हणजे १००० एमबीपीएसच्या, जोडणीवर तेच ९४० च्या आसपास दिसतं, प्लॅन तेवढा असेल तर.

लॅन तारेत आठ सुट्या तारा असतात, दोनदोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० एमबीपीएसला यांतल्या दोनच पुरतात, नेहमीच्या जोडणीत नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. बोलणं कोणत्या वेगाने करायचं हे दोन्ही टोकं आधी ठरवतात, आणि ते ठरवणं होतं नारिंगी-हिरव्या जोड्यांवर. मामांच्या घरी खाली राऊटर गिगाबिटचा, वर नवा स्विच गिगाबिटचा. दोघांचं ठरलं, हजारने बोलू. प्रत्यक्ष बोलायला गेले तर निळ्या-तपकिरीवर पलीकडे कुणीच नाही. जोडणी तुटली. पुन्हा ठरवलं, पुन्हा तुटली. दोन-चार प्रयत्नांनंतर चिप समंजस असेल तर म्हणते, जाऊ दे, शंभरनेच बोलू. फटकळ असेल तर दिवा लागतो-विझतो एवढंच दिवसभर चालतं.

मग आधी हे कळलं कसं नाही? त्या तारेच्या टोकाला टीव्ही होता, आणि बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० चाच असतो, किंमत काहीही असो. त्याने निळी-तपकिरी कधी मागितलीच नाही. स्विचने पहिल्यांदा मागितली.

यात दुसरा संशय तारेच्या जातीवर घ्यायचा. बाजारात 'कॅट सिक्स' छापलेली पण आतून अॅल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते. ब्लेडने तार खरवडली की आत चंदेरी दिसते. ती ठिसूळ असते, टोकाशी वाकवली की तुटते, आणि लांब अंतरावर किंवा कॅमेऱ्याला वीज न्यायला कुचकामी. मामांची तार खरवडली तर तांब्याची निघाली. म्हणजे दोष टोकांना.

रविवारी मी साताऱ्याला गेलो. वरच्या भिंतीतली पेटी उघडली. नारिंगी-हिरवी नीट बसवलेली. निळी कापून मागे दुमडलेली. आणि तपकिरी जोडी काळ्या चिकटपट्टीत गुंडाळून बाजूच्या पाइपात शिरलेली. मामेभाऊ तिच्या मागावर गेला आणि जिन्यातल्या बेलपाशी पोहोचला. खालच्या फाटकाचं बटण दाबलं की वर वाजणारा बारा व्होल्टचा बझर. बांधकामाच्या वेळी वायरमनला वेगळी तार ओढायचा कंटाळा आला असणार. 'इंटरनेटला चारच लागतात' हे तेव्हाच्या टीव्हीपुरतं खरं होतं, उरलेल्यांतल्या दोन त्याने बेलला दिल्या. बारा व्होल्ट होते म्हणून निभावलं. घरातली २३० व्होल्टची बेल कुणी अशी लॅन केबलवरून नेली असेल तर मात्र ती आधी मेन स्विच पाडून सोडवायची, नेटचं नंतर बघू.

आम्ही दोन्ही टोकं कापली, आठही तारा रंगांच्या क्रमाने नव्या कनेक्टरमध्ये घालून क्रिम्प केल्या, म्हणजे पक्कडीने दाबून बसवल्या. दिवा एकदाच लागला, हिरवा. वेगचाचणीत १९२ आले. मामेभाऊ खूश. जेवणं झाली, सगळे वर टीव्हीसमोर बसले. तासाभराने मामांचा मोबाइल वाजला. गॅसवाला फाटकाशी पंधरा मिनिटं बटण दाबत उभा होता, कुणी येत नाही म्हणून आता निघाला होता.

मामा सिलिंडर घेऊन वर आले. बझरकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"ते आधीचं किती होतं रे?"

"चौऱ्याण्णव."

"तुझं ऑफिसचं काम अडत होतं त्यात?"

मामेभाऊ म्हणाला, "अडत नव्हतं तसं."

"मग बेल जोड. दिवाळीत रंग काढताना दुसरी तार ओढू."